एसआरएसएफ१ ची व्हायल वितळून आली. आता हे प्रोटीन वापरता येईल का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नांदेडला एमएस्सी बायोटेक शिकवतो. आपल्या भागातली लॅबमध्ये काम करणारी बरीच मंडळी इथं आहेत, म्हणून धागा काढतोय.

गेल्या सोमवारी आमच्याकडं माणसाचं एसआरएसएफ१ आलं. आरएनए स्प्लायसिंगमधलं (म्हणजे आरएनए कापून-जोडण्याच्या कामातलं) प्रोटीन, रिकॉम्बिनंट, म्हणजे ई. कोलाय या जंतूत वाढवलेलं, आणि वेगळं काढता यावं म्हणून हिस-टॅग लावलेलं. २० मायक्रोग्रॅम. व्हायल उजेडाकडं धरली की तळाशी एक थेंब दिसतो, तेवढंच. त्या थेंबासाठी विभागाच्या केमिकलच्या पैशातून दोन वर्षं थोडं थोडं बाजूला ठेवत आलो होतो.

पुरवठादाराला तीनदा बजावलं होतं की शुक्रवारी पाठवू नका. त्यानं शुक्रवारीच पाठवलं. शनिवार-रविवार डबा कुठल्या गोदामात पडून होता कोण जाणे, आणि सोमवारी दुपारी बाहेर ४२ अंश ऊन असताना माझ्या टेबलावर आला. थर्मोकोलचं झाकण काढलं तर ड्राय आइसचा खडासुद्धा शिल्लक नाही. ड्राय आइसचं पाणी होत नाही, तो उडून जातो, त्यामुळं डबा आतून कोरडा ठणठणीत. व्हायल हाताला गार लागली, पण तिरकी केली तर थेंब हलला.

हे प्रोटीन कशासाठी हवं होतं तेही सांगतो. माझी बहीण आत्याच्या घरी दिली आहे, कंधार तालुक्यात. तिचा मुलगा थॅलेसेमिया मेजर आहे. दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवायला नांदेडला आणतात, आणि त्या दिवशी तो माझ्याकडं जेवतो. त्याच्या रिपोर्टवर 'आयव्हीएस १-५, जी चा सी' असं लिहिलंय, आईकडूनही आणि बापाकडूनही. भारतात बीटा थॅलेसेमियात सगळ्यात जास्त सापडणारा बदल हाच. आणि तो स्प्लायसिंगचा दोष आहे.

ज्यांचा विषय नाही त्यांच्यासाठी. बैलाचा कासरा मधेच झिजला की माझे वडील तेवढा तुकडा कापून टाकायचे, दोन्ही टोकांचे पेड उकलून एकमेकांत गुंफायचे आणि पीळ भरायचे. हात फिरवला तर सांधा कळायचा नाही. पेशी आरएनएशी हेच करते. जीनवरून निघालेल्या पहिल्या नकलेत मधेमधे नको असलेले तुकडे असतात, ते इन्ट्रॉन. ते कापून काढायचे आणि कामाचे तुकडे, म्हणजे एक्झॉन, जोडायचे. बीटा ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनच्या एका भागाच्या) जीनमध्ये तीन एक्झॉन आणि दोन इन्ट्रॉन आहेत. पहिला इन्ट्रॉन १३० अक्षरांचा, आणि भाच्याच्या जीनमध्ये त्याचंच पाचवं अक्षर बदललंय. बाकी सगळं तुमच्या-माझ्यासारखं.

माझा बेत असा: बीटा ग्लोबिनच्या आरएनएचे दोन तुकडे घ्यायचे, एक साधा आणि एक आयव्हीएस १-५ चा. दोन्हींना एसआरएसएफ१ सारखंच चिकटतं का, ते पोरांना जेलवर, म्हणजे विजेच्या ओढीनं रेणू वेगवेगळे होतात त्या थरावर, दाखवायचं. आता प्रश्न हा की हे प्रोटीन कामाचं राहिलंय का?

पिपेटवाली

दादा, आधी एक करा. ती व्हायल तशीच परत मायनस ऐंशीला ढकलू नका. वितळणं एकदा झालंय, आता अख्खी गोठवली की प्रत्येक प्रयोगाला पुन्हा वितळणार. दर वेळी थोडं थोडं प्रोटीन मरतं.

बर्फावर ठेवा. अर्धा मिनिट स्पिन द्या, निम्मा माल झाकणाला चिकटलेला असतो. मग चार अंशाला दहा मिनिटं पूर्ण वेगानं फिरवा आणि तळाशी पांढरा ठिपका बसतो का बघा. बसला तर तेवढं प्रोटीन गोळा झालं, ते गेलं. वरचं पाणी दोन-दोन मायक्रोलिटरचं छोट्या ट्यूबांत वाटून मायनस ऐंशीला टाका. अर्धा मायक्रोग्रॅम बाजूला ठेवून जेल चालवा.

आणि डब्याचा, कुरियरच्या पावतीवरच्या तारखेचा, उघडल्याच्या वेळेचा फोटो काढून पुरवठादाराला आजच मेल टाका. फोन नको, मेलच. मी संभाजीनगरला आहे, आमच्याकडं हे दोनदा झालंय. एकदा दुसरी व्हायल मिळाली, एकदा नाही.

तूर_हरभरा

दादा मी हिंगोलीचा, शेती करतो. थोडं थोडं समजायलंय, पण एका जागी अडकलो. माणसाचं प्रोटीन जंतूत कसं काय तयार होतंय? त्या जंतूला काय माहीत माणसाचं?

गोदाकाठ

भाऊ, या विषयातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तुम्ही विचारली.

जंतूला माणसाचं काही माहीत लागत नाही. डीएनएची अक्षरं वाचून प्रोटीन गुंफायची भाषा दोघांची एकच आहे. माणसाचा जीन एका गोल डीएनएत, म्हणजे प्लाझ्मिडमध्ये बसवून ई. कोलायच्या पोटात घातला की तो निमूटपणे त्यावरून प्रोटीन काढतो. डायबेटीसवाल्यांचं इन्शुलिन असंच बनतं, १९८२ पासून बाजारात आहे.

पण मेख आहे. ई. कोलायकडं आपल्यासारखं इन्ट्रॉन काढायचं यंत्रच नाही. माणसाचा जीन जसाच्या तसा दिला तर तो इन्ट्रॉनसकट वाचत सुटेल आणि भलतंच काहीतरी तयार होईल. म्हणून माणसाच्या पेशीनं आधीच कापून-जोडून ठेवलेला आरएनए घ्यायचा, त्यावरून उलटा डीएनए तयार करायचा आणि तो जंतूला द्यायचा. म्हणजे माझ्या व्हायलमधलं प्रोटीन स्प्लायसिंगचं खरं, पण ते अशा जिवात वाढलंय ज्याला स्प्लायसिंग ठाऊक नाही.

पिपेटवाली ताई, मेल टाकला. स्पिन दिला, तळाशी ठिपका नाही. जेल उद्या.

परभणीची_अक्का

वाचून जीव कळवळला. तुमच्या भाच्याला हेच प्रोटीन टोचून नाही का देता येणार? वेडा प्रश्न असेल तर सोडून द्या.

बालाघाट

अक्का, प्रश्न वेडा नाही, प्रत्येक आईबाप विचारतात. पण नाही. ही व्हायल फक्त लॅबमधल्या संशोधनासाठी असते, लेबलवर तसं छापलेलं असतं, आणि ती माणसाच्या शरीरात जाता कामा नये. शिवाय रक्तात टोचलेलं प्रोटीन हाडाच्या मगजातल्या पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचत नाही. आणि मुख्य म्हणजे त्या मुलात एसआरएसएफ१ कमी नाहीच. त्याचं चांगलं आहे. बिघाड आरएनएच्या अक्षरात आहे. त्याला वेळेवर रक्त, साठलेलं लोह बाहेर काढायची गोळी, आणि जुळणारा दाता मिळाला तर बोन मॅरो ट्रान्सप्लांट, हेच मुख्य उपाय.

आता गोदाकाठ सर, तुमच्या बेताबद्दल. मी मूळ अंबाजोगाईचा, पीएचडीला आरएनए-प्रोटीनवरच होतो, म्हणून स्पष्ट बोलतो. हा प्रयोग लावू नका. व्हायल ठणठणीत आली असती तरी तुम्हाला फरक दिसला नसता.

कारण आयव्हीएस १-५ ची जागा एसआरएसएफ१ धरतच नाही. इन्ट्रॉनची सुरुवात ओळखतं यू१. ते नुसतं प्रोटीन नाही, एक छोटा आरएनए आणि त्याच्याभोवती प्रोटीनं. यू१ च्या आरएनएचं टोक इन्ट्रॉनच्या सुरुवातीशी अक्षराला अक्षर जुळवतं. एसआरएसएफ१ बसतं एक्झॉनवर, जीएए-जीएए, जीजीए असल्या जागी, आणि तिथून यू१ मधल्या ७०के प्रोटीनला जवळ ओढतं.

तुम्हाला आयव्हीएस १-५ दाखवायचंय ना? खडू घ्या. बीटा ग्लोबिनचा पहिला एक्झॉन सीएजी वर संपतो आणि इन्ट्रॉन जीयूयूजीजीयूएयू असा सुरू होतो. त्याच्याखाली यू१ चं टोक उलटं लिहा: जीयूसी, सीए, मग दोन स्यूडोयुरिडिन (यू चंच थोडं बदललेलं रूप), मग सीएयूए. आता जोड्या लावा. एक्झॉनची तीन अक्षरं जुळतात, इन्ट्रॉनची पहिली दोन जुळतात. तिसरं जुळत नाही. चौथं लंगडं जुळतं. पाचवं, जी ला सी, घट्ट. पुढं सहावं, सातवं, आठवं जुळतं.

म्हणजे निरोगी माणसातसुद्धा मधे भोक आहे, आणि पलीकडची बाजू पाचव्या जी नं धरून ठेवलीय. त्याच जी चा सी झाला की भोक तीन अक्षरांचं होतं आणि यू१ ची पकड सैल पडते. मग यंत्र आजूबाजूला दुसरी जागा शोधतं. एक्झॉनमध्ये १६ आणि ३८ अक्षरं आधी, आणि इन्ट्रॉनमध्ये तेराव्या अक्षराशी अशा तीन लपलेल्या जागा आहेत, तिथं चुकीची कापणी होते. बरोबर कापलेला आरएनए थोडाच निघतो. म्हणून हिमोग्लोबिन पुरेसं बनत नाही.

याला एक पैसा लागत नाही.

गोदाकाठ

बालाघाट सर, आज सकाळी पहिल्या तासाला हेच केलं. एका मुलीला फळ्यावर बोलावलं आणि जोड्या लावायला सांगितल्या. पाचव्या अक्षरावर आली, जी पुसून सी लिहिला, खाली सी होताच. तिनं खडू तसाच धरून ठेवला आणि म्हणाली, "सर, मग हे पुढचं सगळं लोंबकळणार ना?"

मी हा रिपोर्ट सहा वर्षं खिशात घेऊन फिरतोय. पाचवंच अक्षर का, हे मला आज समजलं. मनापासून आभार. माझा बेत चुकीचा होता, सोडला.

पण व्हायल आहे आणि तिचं काहीतरी करायचंय. जेल चालवलं, आणि गडबड वाटतेय. एसआरएसएफ१ मध्ये २४८ अमिनो आम्लं, वजन २८ किलोडाल्टनच्या आत. माझा बँड ३३ च्याही थोडा वर आलाय. एकच बँड आहे, खाली तुकडे नाहीत. चुकीचं प्रोटीन तर पाठवलं नाही?

पिपेटवाली

नाही दादा, बरोबर आहे. ही एसआर जातीची प्रोटीनं जेलवर नेहमीच वर पळतात. शेपटीला आर्जिनिन-सेरीन, आर्जिनिन-सेरीन अशी माळ असते, भाराचा तोल वेगळा, त्यामुळं जेलमधल्या एसडीएसचा (साबणासारख्या रसायनाचा) अंदाज चुकतो. त्यात हिस-टॅगचं वजन. खाली तुकडे नाहीत म्हणजे प्रवासात प्रोटीएजनं (प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमनं) खाल्लं नाही, ही मोठी गोष्ट आहे.

पण जेल एवढंच सांगतं की साखळी अखंड आहे. घडी शाबूत आहे का ते जेल सांगत नाही. त्याला आरएनए धरायला लावल्याशिवाय कळणार नाही.

बालाघाट

अगदी. आणि धरायला लावताना एक ध्यानात ठेवा. तुमचं प्रोटीन ई. कोलायमधलं आहे, म्हणजे त्याच्या शेपटीवर फॉस्फेट नाही.

माणसाच्या पेशीत एसआरपीके१ नावाचं एन्झाइम त्या शेपटीतल्या सेरीनवर फॉस्फेट चढवतं, केंद्रकात सीएलके आणखी चढवतं. फॉस्फेटचा ऋण भार आर्जिनिनचा धन भार झाकतो. ई. कोलायमध्ये ही एन्झाइमं नाहीत. शेपटी उघडी राहते आणि दिसेल त्या आरएनएला चिकटते, एकमेकांनाही चिकटते. त्यामुळं पुष्कळदा हे प्रोटीन जंतूतच गोळा होऊन बसतं, मग युरियात विरघळवून पुन्हा घडी घालावी लागते. लेबलवर 'ह्यूमन' लिहिलंय याचा अर्थ अमिनो आम्लांची ओळ माणसाची, एवढाच घ्यायचा. वर चढणारं फॉस्फेट त्यात धरलेलं नाही.

याचा अर्थ ते निकामी आहे असं मात्र नाही. लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या हेला पेशींच्या एस१०० नावाच्या अर्कात एसआर प्रोटीनं जवळपास नसतात, त्यामुळं तो अर्क एकटा स्प्लायसिंग करू शकत नाही. १९९१ मध्येच ई. कोलायमधलं एसआरएसएफ१ त्यात टाकून स्प्लायसिंग सुरू करून दाखवलं गेलंय. अर्कातली एन्झाइमं फॉस्फेट चढवतात. तुमच्याकडं तो अर्क नाही, म्हणून तुम्ही बँड-शिफ्टच करा, म्हणजे प्रोटीननं धरलेला आरएनए जेलवर मोकळ्या आरएनएच्या मागं, वर राहतो का ते बघा.

आरएनए कुठला, तर आधी जीजीए-जीएएवाला, प्युरीनभरला (ए आणि जी अक्षरांचा) छोटा तुकडा, रंग लावलेला. तिथं धरलं तरच पुढं जा. पुढं एसएमएन घ्या. स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारातला जीन. एसएमएन१ आणि एसएमएन२ या जवळजवळ जुळ्या जीन्स, पण सातव्या एक्झॉनच्या सहाव्या अक्षरात फरक: एकात सीएजीएसीएए, दुसऱ्यात यूएजीएसीएए. एका सी चा यू झाला आणि एसएमएन२ मध्ये तो अख्खा एक्झॉनच बहुतेक वेळा वगळला जातो. शास्त्रज्ञ एड्रियन क्रेनर यांच्या गटानं २००२ साली मांडलं की इथं एसआरएसएफ१ ची बैठक मोडते. दुसऱ्या गटानं लगेच पुढच्या वर्षी मांडलं की मोडण्यापेक्षा एचएनआरएनपी ए१ या दुसऱ्या, एक्झॉन वगळायला लावणाऱ्या प्रोटीनला नवी बैठक मिळते, तो खरा दोष. दोन्ही बाजूंना पुरावे आहेत. याच जीनच्या स्प्लायसिंगवर काम करून क्रेनर यांनी नुसिनर्सेन हे औषध घडवायला हातभार लावला, डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. तुमच्या पोरांना एका अक्षराचा प्रश्न प्रोटीनवर बघायचा असेल तर तो हा.

तूर_हरभरा

औषध निघालं म्हणता, मग थॅलेसेमियावर तसंच का नाही निघत?

बालाघाट

प्रयत्न आहेत भाऊ. पण एसएमएनमध्ये शरीराकडं दुसरी, थोडी बिघडलेली प्रत असते आणि तिचा एक्झॉन पुन्हा आत घ्यायचा असतो, तिथं अडथळा झाकला की काम भागतं. आयव्हीएस १-५ मध्ये पकडच सैल झालीय, आणि औषध पोचवायचं मगजात. ते अवघड आहे.

गोदाकाठ

चार दिवसांनी आलोय. पहिलं बँड-शिफ्ट पूर्ण फसलं. दोन गोष्टी झाल्या. प्रोटीनच्या लेनमध्ये सगळा आरएनए जेलच्या वरच्या खाचेतच, जिथं नमुना भरतात तिथंच, अडकून बसला, आत शिरलाच नाही. आणि प्रोटीन नसलेल्या लेनमध्येसुद्धा आरएनएचा बँड नाही, नुसता खाली ओघळ.

पिपेटवाली

ओघळ म्हणजे आरएनएज, आरएनए तोडणारं एन्झाइम. तो तुमच्या हातावरून, घामातून, धुळीतून येतो. मे महिन्यात आपल्याकडं पंखा चालू ठेवून कुणी आरएनएचं काम करत असेल तर असंच होणार. पंखा बंद. हातमोजे दर अर्ध्या तासाला बदला, फोनला हात लागला तर लगेच. पाण्यात ०.१ टक्का डीईपीसी (आरएनएज निकामी करणारं रसायन) रात्रभर, मग ऑटोक्लेव्ह. पण ट्रिस बफरमध्ये डीईपीसी घालू नका, ट्रिसच त्याला खाऊन टाकतं. आधी पाणी तयार करा, मग त्यात ट्रिस विरघळवा. काचसामान १८० अंशाला ओव्हनमध्ये चार तास. नुसत्या ऑटोक्लेव्हवर भरवसा ठेवू नका, आरएनएज ए उकळूनही परत घडी घालतं.

बालाघाट

आणि खाचेत अडकणं म्हणजे उघडी शेपटी. मिठाचं प्रमाण वाढवा, १५० मिलिमोलर तरी. यीस्टचं टीआरएनए थोडं टाका, म्हणजे जिथं-तिथं चिकटणारी भूक तिथं भागेल. ५० मिलिमोलर आर्जिनिन आणि तितकंच ग्लुटामेट बफरमध्ये घाला, या प्रोटीनांना पाण्यात ठेवायला याच्याइतका स्वस्त उपाय नाही. एकदा २६० आणि २८० ला रीडिंगही घ्या. २६० जास्त आलं तर ई. कोलायचाच आरएनए प्रोटीनला चिकटून आलाय.

माल किती उरलाय? २० मायक्रोग्रॅम म्हणजे साधारण ७०० पिकोमोल. लेनला जास्तीत जास्त १० लागतील. घाबरू नका, पन्नासेक लेन अजून हातात आहेत.

परभणीची_अक्का

मला यातलं निम्मं कळत नाही पण रोज येऊन बघतेय. एक विचारू का, माझ्या पुतणीचं जमतंय, मामाच्याच घरात. तिला आधी काही तपासणी?

गोदाकाठ

अक्का, जरूर करा, दोघांचीही. हिमोग्लोबिन ए२ ची तपासणी, एचपीएलसी म्हणतात. रक्ताचे थोडे थेंब लागतात. साडेतीन टक्क्यांच्या वर आलं तर डॉक्टर वाहक असल्याचा संशय धरतात आणि पुढची जीनची तपासणी सांगतात. वाहक माणूस स्वतः धडधाकट असतो, बहीण आणि दाजी दोघंही शेतात राबतात. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर असण्याची चारात एक अशी शक्यता. नात्यात लग्न असलं की दोघांकडं तोच बदल असण्याची भीती जास्त. आमच्याकडं हे कुणी सांगितलं नव्हतं.

परभणीची_अक्का

बरं केलंत सांगितलंत. उद्याच तिच्या आईशी बोलते.

गोदाकाठ

आज रात्री साडेनऊला जेलचा फोटो घेतला, पोरं घरी गेली नाहीत.

पंखा बंद, एसी नाही, घामानं सगळे चिंब. तरी आज ओघळ नाही. प्रोटीन नसलेल्या लेनमध्ये खाली एकच बारीक, स्वच्छ रेघ. प्रोटीन १०० नॅनोमोलर असताना काही नाही. २५० ला वर एक फिकी रेघ, ५०० ला ती ठळक आणि खालची अर्धी, १००० ला खालची जवळजवळ गेलेली. खाचा रिकाम्या. हे सगळं प्युरीनवाल्या तुकड्याचं. त्याच वेळी नुसत्या यू-यू-यू च्या तुकड्यावर लावलं होतं, तिथं १००० लाही रेघ खालीच.

म्हणजे तीन दिवस उन्हात प्रवास करून आलेलं प्रोटीन अजून निवड करतंय. एसएमएनचे दोन तुकडे मागवलेत, आले की लावतो.

पुरवठादाराचं उत्तर आलं, दुसरी व्हायल देणार नाहीत. मी आता आणखी भांडणार नाही, पण पुढची व्हायल विकत घेणार नाही.

पिपेटवाली

दादा!! खूप खूप अभिनंदन. खाचा रिकाम्या हे वाचून मीच हुश्श केलं.

विकत घेऊच नका. आमच्याकडं एसआरएसएफ१ चं प्लाझ्मिड आहे, एका सहकाऱ्यानं रीतसर मागवलेलं. सरांना विचारलंय, त्यांची हरकत नाही, फक्त देवाणघेवाणीच्या कागदावर तुमच्या विभागप्रमुखांची सही लागेल. प्लाझ्मिडला ड्राय आइस लागत नाही. गाळणीच्या कागदावर थेंब वाळवून साध्या पाकिटात पाठवता येतं. तुमच्याकडं शेकर, सोनिकेटर (जंतू फोडायला) आणि हिस-टॅग पकडणारा निकेलचा कॉलम आहे ना?

गोदाकाठ

शेकर आहे. सोनिकेटर शेजारच्या विभागात आहे, मागून घेऊ. कॉलम नाही, पण रेझिन सिरिंजमध्ये भरून करू, एमएस्सीला आम्ही तसंच शिकलो. सही उद्या घेतो.

बालाघाट

वाढवताना आयपीटीजी (जंतूला प्रोटीन काढायला लावणारं रसायन) टाकल्यावर ३७ ला ठेवू नका, १८ अंशावर रात्रभर. नाहीतर सगळं गोळा होऊन तळाशी जाईल. कॉलमवर असतानाच १ मोलर मिठानं धुवा, चिकटलेला आरएनए निघून जाईल. मी पुढच्या महिन्यात गावी येतोय, येताना एक दिवस नांदेडला थांबेन.

गोदाकाठ

या सर. मंगळवारी आलात तर भाचाही इथंच असेल, त्याचा रक्ताचा दिवस आहे. आता दहावीत आहे. परवा फळ्यावरच्या त्या जोड्यांचा फोटो दाखवला तर त्यानं पाचव्या अक्षरावर बोट ठेवून विचारलं, "मामा, माझं हे का?"

तूर_हरभरा

पोराला आमचा नमस्कार सांगा. हुरड्याच्या दिवसात त्याला घेऊन हिंगोलीला या.